साप्पोरोपर्यंतची पाच स्थानकं आणि त्यांच्यापुढचा रस्ता

जपानमधली होक्काइदो शिनकान्सेन ही बुलेट ट्रेन २०१६ पासून शिन-हाकोदाते-होकुतोपर्यंत धावते. तिथून साप्पोरोपर्यंतचे सुमारे २१२ किमी अजून बांधून व्हायचेत, त्यातले जवळपास ८० टक्के बोगद्यांत. योतेई बोगद्यात प्रचंड दगड आडवे आले, खोदाई रखडली आणि २०३० चा मुहूर्त हुकला. या टप्प्यात शिन-याकुमो, ओशामाम्बे, कुच्चान, शिन-ओतारू आणि साप्पोरो अशी पाच स्थानकं आहेत. कुच्चान हे निसेकोच्या स्कीइंगचं दार, त्यामुळे तिथे प्रवाशांची चिंता नाही. पण शिन-याकुमो? गावातल्या जुन्या स्थानकापासून काही किलोमीटर दूर, दुधाच्या गाईंच्या कुरणांत! एवढ्या वेगवान गाडीला असे थांबे कशाला, असं कुणीही विचारेल.

वेगाचा आक्षेप मला फारसा पटत नाही. प्रत्येक गाडी प्रत्येक ठिकाणी थांबत नाही. शिनकान्सेनवर जलद गाड्या छोटी स्थानकं सरळ ओलांडतात. खर्चाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. तरी दुसरी बाजू बघा: नवा मार्ग सुरू झाला की ओशामाम्बे ते ओतारू हा डोंगरातून जाणारा सुमारे १४० किमीचा जुना मार्ग बंद करून बस चालवायचं ठरलंय. म्हणजे या पट्ट्यात रेल्वे उरेल ती फक्त शिनकान्सेनचीच. नवी स्थानकंही गाळली, तर लोकांच्या दारात नुसते बोगदे राहतील. म्हणून खरा वाद थांब्यांचा नाही, तिथून गावात नेणाऱ्या बसचा आहे, आणि बसचालकांची टंचाई तर आत्ताच जाणवतेय.