रेस्क्यू केलेला गिनीपिग घरी आणलाय? पहिले १५ दिवस असे सांभाळा

‘दोन गिनीपिग आहेत, कुणाला हवेत का?’ अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर असा मेसेज अधूनमधून येतो. हौसेने आणलेला प्राणी पुढे नकोसा होतो. कधी ॲलर्जी निघते, कधी दोनाचे सहा होतात. मग कुणीतरी त्यांना वाचवून नव्या घरात पाठवतं. पण खरी कसोटी त्यानंतर, पहिल्या दोन आठवड्यांत असते.

हातात शांत बसतो म्हणजे खूश आहे?

बहुतेक वेळा नाही. गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांचा. निसर्गात तो शिकार होणारा प्राणी, म्हणून घाबरला की पळतो किंवा जागच्या जागी थिजतो. याच सवयीमुळे तो आजारपणही लपवतो.

म्हणून पहिले २-३ दिवस त्याला उचलू नका, रील तर नकोच. लपायला पुठ्ठ्याचा खोका द्या, त्याला दोन दारं कापा. रोज ठरावीक वेळी जवळ बसून हळू आवाजात बोला, हातातून कोथिंबीर द्या. तो स्वतःहून पुढे आला की मग स्पर्श करा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली हवा.

मुंबईच्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवायचा?

गिनीपिगला घाम येत नाही. त्याला १८ ते २४ अंश तापमान मानवतं. मुंबईत मे महिन्यात पारा ३३-३४ अंशांवर जातो, वर दमट हवा. त्यामुळे उष्माघाताचा धोका मोठा. बाल्कनी आणि खिडकीचं ग्रिल टाळा, तिथे ऊन, पाऊस, कावळे आणि मांजरं सगळंच असतं. घरातली सावलीची, हवेशीर जागा निवडा. उकाड्यात गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा.

दोघांसाठी साधारण चार बाय दोन फुटांची जागा लागते. दुकानात मिळणारे जाळीच्या तळाचे पिंजरे नकोत, जाळीने तळपायाला जखमा होतात. टॉवेलवर जुनी सुती चादर चालते, पण रोज बदला. मच्छर अगरबत्तीचा धूर आणि डांबर गोळ्या त्याच्यापासून लांब ठेवा.

खायला काय?

मुख्य अन्न म्हणजे वाळलेलं गवत, तेही चोवीस तास. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. पावसाळ्यात गवताला बुरशी लागते, तेव्हा थोडं थोडं आणा आणि कोरड्या जागी ठेवा. फुलवाल्याकडच्या दुर्वाही चालतात, मात्र स्वच्छ धुऊन. रस्त्याकडेचं गवत नको. लसूणघासात कॅल्शियम जास्त असतं, त्यामुळे मोठ्या गिनीपिगला तो रोज देऊ नका.

दुसरी गरज ‘क’ जीवनसत्त्वाची. माणसासारखंच त्याचं शरीर ते तयार करू शकत नाही. दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, नाहीतर स्कर्व्ही होतो. पाव ढोबळी मिरची आणि थोडी कोथिंबीर दिली की बरंचसं काम होतं. कांदा, लसूण, बटाटा, पोळी, बिस्किट, दूध देऊ नका. आधीच्या घरी काय खात होता ते विचारून घ्या आणि बदल हळूहळू करा.

डॉक्टरकडे कधी न्यायचं?

खाणं आणि लेंड्या, या दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. त्याचं पोट सतत चालू राहावं लागतं. १२ तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. पहिल्या दोन आठवड्यांत स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करून लिहून ठेवा. आजार डोळ्यांना दिसायच्या आधी वजनात दिसतो.

सगळे पशुवैद्य गिनीपिग तपासत नाहीत, म्हणून प्राणी घरी येण्याआधीच जवळचा डॉक्टर शोधून ठेवा. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे, पण बोरिवली-मुलुंडहून तिथे पोहोचायलाही वेळ लागतो. घरातलं अँटिबायोटिक कधीही देऊ नका. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिनने गिनीपिग दगावू शकतो.

नर-मादी एकत्र होते का?

हे आधी विचारा आणि लिंग डॉक्टरकडून तपासून घ्या. मादी महिन्याभराच्या वयातच गाभण राहू शकते, आणि गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. म्हणजे नरासोबत राहिलेली मादी घरी आली, तर पुढचे दहा आठवडे पिल्लांची शक्यता धरून चाला. ६-७ महिन्यांच्या वयानंतर पहिलं बाळंतपण होत असेल तर ते जिवावर बेतू शकतं.

एकटा ठेवला तर चालेल?

गिनीपिग कळपात राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडने तर २००८ मध्ये त्याला जोडीदार देणं नियमानेच बंधनकारक केलं. पण घरात आधीचा गिनीपिग असेल तर नव्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, मग ओळख करून द्या. सशासोबत ठेवू नका. सशाकडून येणारे जंतू गिनीपिगला आजारी पाडू शकतात.

रुळला हे कसं ओळखायचं?

फ्रिज उघडल्याचा आवाज आला की तो शिट्टीसारखा ओरडेल. उघड्यावर आडवा पसरून झोपेल. कधी पॉपकॉर्न फुटावं तसा जागच्या जागी उडेल. हे १५ दिवसांत होईल किंवा दोन महिनेही लागतील.

गिनीपिग साधारण ५ ते ८ वर्षं जगतो. म्हणून घरात पाचवीतलं मूल मागे लागलं असेल, तर ते दहावीला जाईल तेव्हा पिंजरा कोण साफ करणार, हे ‘हो’ म्हणण्याआधी ठरवा. आणि पुढे सांभाळणं खरंच जमलं नाही, तर त्याच्यासाठी दुसरं घर शोधा. बागेत सोडू नका. मुंबईत मोकळा सोडलेला गिनीपिग फार काळ जगत नाही.