प्रेमकथेतील पैशाचा हिशेब : कोरियन व मराठी दूरचित्रवाणी मालिका

कोरियन प्रणयविनोदी मालिकांमध्ये श्रीमंत नायक आणि कष्टकरी नायिका ही जोडी रूढ झाली, ती १९९७ च्या आर्थिक संकटात असंख्य मध्यमवर्गीयांच्या नोकऱ्या गेल्यानंतरच्या काळात. २००५ मधील ‘माय लव्हली साम-सून’ हे तिचे बोलके उदाहरण होय. तिशीतील साम-सून केक-पेस्ट्री बनविणारी कारागीर आहे. आपल्या गावठी नावाची तिला लाज वाटते. घर गहाण असल्याने ती उपाहारगृहाच्या मालकाची खोटी प्रेयसी होण्याचा करार करते. मोबदला ५ कोटी वॉन. रक्कम उघड सांगितलेली असते, म्हणूनच पुढील प्रेमाला त्या रकमेशी झगडावे लागते.

याउलट ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ (२०१२) मध्येही कराराचेच लग्न आहे. परंतु घना आणि राधा तो करतात घरच्यांच्या आग्रहातून सुटण्यासाठी. पैशाचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३) मध्ये पैशाची हाव सावत्र आईच्या वाट्याला येते आणि गोखल्यांचे ऐश्वर्य संस्कारांच्या आड निर्दोष राहते.

वास्तविक आपल्या समाजात हा हिशेब लपविला जात नाही. बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात स्थळ पाहताना बागायत किती, पाणी कोणते, मुलाला नोकरी आहे का, हे प्रथम विचारले जाते. याद्यांच्या बैठकीत तर देणेघेणे कागदावर उतरते. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानंतरही शब्द तेवढे बदलले. या दृष्टीने साम-सूनचा करार मराठी मालिकांपेक्षा आपल्या याद्यांना अधिक जवळचा आहे, असे म्हणावे लागते.

‘तुला पाहते रे’ (२०१८-१९) या मालिकेने मात्र संपत्ती आली कोठून, हा प्रश्न विचारला. साडीच्या दुकानात काम करणाऱ्या निमकरांची ईशा उद्योगपती विक्रांत सरंजामेच्या प्रेमात पडते. पुढे उघड होते की तो मूळचा गजेंद्र पाटील. सरंजामेंचे वैभव त्याने राजनंदिनीशी विवाह करून व तिचा जीव घेऊन मिळविले. प्रश्न धाडसी, उत्तर मात्र जुनेच : ईशा ही राजनंदिनीचाच पुनर्जन्म ठरते. दुकानातील नोकराच्या मुलीचा त्या वाड्यावरील हक्क तिच्या कर्तृत्वाने सिद्ध होत नाही, तर मागील जन्मीच्या वारशाने.