शिरोडकरांचा टाका

टेबलावरची बाई चौदाव्या आठवड्यात आहे. पाठीतून भूल दिलीय, त्यामुळे ती जागी आहे आणि पडद्याआडून विचारते, “मॅडम, बाळाला लागणार नाही ना?”

“नाही हो ताई, बाळ वर आहे. आपण खाली काम करतोय.”

तिची आधीची बाळंतपणं पाचव्या महिन्यातच आटोपली. कळा नाहीत, रक्तस्राव नाही. गर्भपिशवीचं तोंड आपोआप उघडलं आणि बाळ निसटलं. अशा बायांना पूर्वी महिनोन्‌महिने झोपवून ठेवत, हॉर्मोनं देत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून पुढे जे. जे. रुग्णालयात काम केलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांना त्यात अर्थ दिसेना. दोष तोंडाच्या आतल्या कड्यातच असेल, तर ते कडंच बांधून टाकावं, असा त्यांचा हिशेब होता. 1955 साली त्यांनी ही पद्धत ‘अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात मांडली. सोनोग्राफी तेव्हा नव्हती. ज्या बाईचे किमान चार गर्भ गेलेत आणि जिच्या पिशवीचं तोंड सैल असल्याची वारंवार बोटांनी तपासून खात्री झालीय, तिच्यावरच ते शस्त्रक्रिया करीत. नवी शस्त्रक्रिया हाती आल्यावर सर्जन एवढा हात आखडता घेतो, हे मला टाक्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर बाई चिमट्याने पिशवीचं तोंड हलकेच खाली ओढतात. समोर एक आडवी चीर. मग बोटाला गॉज गुंडाळून मूत्राशय वर सरकवायचं, आणि याच टप्प्यावर शिकाऊ डॉक्टरांचे हात घाबरतात. मूत्राशयाची भिंत पातळ असते, आणि गर्भारपणात सगळंच रक्ताने भरलेलं. पण ते वर सरकल्याशिवाय टाका आतल्या कड्याच्या उंचीला पोचत नाही. मागच्या बाजूला दुसरी चीर पडते.

आता सिस्टर शिरोडकरांच्या सुया पुढे करतात. मुठीत धरायच्या, अर्धगोल वळलेल्या, टोकाला नेढं. एक उजवीची, एक डावीची, कारण एकाच वळणाची सुई दोन्ही कुशींना नीट फिरत नाही. सुई एका चिरेतून शिरते, अस्तराखालून वळसा घेते, दुसऱ्या चिरेत डोकावते. कुशीला गर्भाशयाच्या धमनीच्या फांद्या असतात, त्यामुळे हात घाई करत नाही. नेढ्यात पाच मिलिमीटर रुंदीची मर्सिलीन या कृत्रिम धाग्याची विणलेली पट्टी ओवून ओढून घेतात. शिरोडकरांनी सुरुवातीला पट्टी म्हणून बाईच्याच मांडीतल्या स्नायूवरचं चिवट आवरण काढून वापरलं होतं. म्हणजे मांडीला आणखी एक जखम. मर्सिलीनने ती वाचवली.

गाठ मारताना बाई बोलत नाहीत. फार आवळली तर ऊतीचा रक्तपुरवठा तुटतो, सैल राहिली तर सगळा खटाटोप फुकट. मग अस्तर शिवून पट्टी आत झाकतात.

ऑस्ट्रेलियातल्या इयन मॅकडोनल्ड यांनी 1957 साली सोपा पर्याय दिला. मूत्राशयाला हात लावायचा नाही, तोंडाभोवती चंचीच्या दोरीसारखा टाका फिरवायचा. आज बहुतेक ठिकाणी तोच घालतात, आणि दोन्हींच्या निकालांत ठळक फरक सिद्ध झालेला नाही. तरी तोंड फार आखूड असलं किंवा आधीचा टाका फसला असला, की या बाई शिरोडकरच निवडतात. मला त्यांचं पटतं, पण मी सुई धरणारा नव्हे.

गोव्यातल्या शिरोड्यात 1899 साली जन्मलेल्या शिरोडकरांनी, मुलं हवी असलेल्या तरुण बायांची घसरलेली गर्भपिशवी न काढता पट्टीने वर टांगण्याची शस्त्रक्रियाही दिली. 1971 साली ते गेले. त्याच वर्षीचा पद्मविभूषण त्यांच्या नावावर आहे.

गॉज मोजून झाल्यावर बाई केसपेपर स्वतः लिहितात आणि पेशंटच्या नवऱ्याला बाहेर जाऊन बजावतात, “हा कागद हरवायचा नाही. कळा सुरू झाल्या तर कुठल्याही दवाखान्यात आधी सांगा, आत पट्टी आहे म्हणून. ती तशीच राहिली तर तोंड फाटेल.” तो कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवतो. “खिशात नको,” बाई म्हणतात, “फाइलमध्ये लावा.”