परीक्षेचे विद्यापीठ आणि सहवासाचे विद्यापीठ

गोदावरीकाठच्या पुणतांब्यात चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षे तपश्चर्या केलेल्या या योग्याने ज्ञानदेवांना पत्र लिहावयास घेतले. परंतु वयाने लहान आणि ज्ञानाने थोर अशा पुरुषाला मायना काय लिहावा हे न सुचल्याने कोरा कागदच धाडला. तो पाहून, इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असा अभिप्राय मुक्ताबाईने दिला, ही आख्यायिका महाराष्ट्राला परिचित आहे. ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या पत्राला ६५ ओव्यांचे उत्तर दिले आणि पुढे चांगदेवांनी मुक्ताबाईलाच गुरू केले. केवळ वर्षे मोजल्याने ज्ञान येत नाही, ते कोणाच्या तरी सहवासात येते, हा या कथेचा इत्यर्थ. त्याच गावातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या कागदावर आज काय लिहिलेले असते, हे विचारणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये.

पुणतांबा हे दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्थानक. येथील तरुण पदवीसाठी श्रीरामपूर, कोपरगाव वा लोणीची वाट धरतो. सकाळी गाडी वा एसटी पकडावयाची, दोन-तीन तासिका उरकावयाच्या आणि दुपारच्या आत घर गाठावयाचे. कारण शेतात हात हवा असतो. ग्रंथालय उघडे असते तेव्हा तो प्रवासात असतो आणि तो मोकळा होतो तेव्हा ग्रंथालयाला कुलूप असते. परीक्षा जवळ आली की अपेक्षित प्रश्नांचा संच विकत घेतला जातो. त्यावर पदवी मिळते, हे खरे. शिक्षण मिळाले काय, याची नोंद मात्र कोणत्याही गुणपत्रिकेत नसते.

या अवस्थेचे मूळ फार मागे आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेले होते. शिकवावयाचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम आखावयाचा, परीक्षा घ्यावयाची आणि पदवी द्यावयाची. याच सुमारास डब्लिनमध्ये एक निराळा प्रयोग चालू होता. आयर्लंडच्या कॅथलिक विद्यापीठाची उभारणी करण्यासाठी जॉन हेन्री न्यूमन यांना पाचारण करण्यात आले होते. १८५२ मध्ये त्यांनी विद्यापीठाच्या स्वरूपाविषयी व्याख्याने दिली आणि १८५४ मध्ये विद्यापीठ सुरू झाले. निवास व शिक्षकाची देखरेख नसलेले, केवळ परीक्षा घेऊन पदव्या वाटणारे विद्यापीठ एकीकडे आणि तरुणांना तीन-चार वर्षे एकत्र ठेवून परीक्षेविनाच परत पाठविणारे विद्यापीठ दुसरीकडे, अशी निवड करावयाची झाल्यास आपण दुसरे पत्करू, अशा आशयाचे मत न्यूमन यांनी मांडले. तरुण माणसे परस्परांच्या वादसंवादातून शिकतात, हे त्यामागचे निरीक्षण होते.

महाराष्ट्रात कॅथलिक विद्यापीठ या अर्थाने उभे राहिले नाही. परंतु जेझुइटांनी १८६९ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाने परीक्षेच्या विद्यापीठाशी संलग्न राहूनही सहवासाचा हा विचार बऱ्याच अंशी जपला. फादर ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आणि फादर हेरास यांनी १९२६ मध्ये सुरू केलेली इतिहास संशोधन संस्था ही त्याची साक्ष होय. पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष संशोधन करणारा शिक्षक रोज समोर दिसणे, हेच एक मोठे शिक्षण असते. २०१० मध्ये स्वायत्तता मिळाल्यावर अभ्यासक्रम व परीक्षाही या महाविद्यालयाच्या हाती आल्या. वर्गाबाहेरच्या सामाजिक कामाला तेथील अभ्यासक्रमातच स्थान आहे.

यावर आक्षेप येईल की, हे महानगरातील निवडक विद्यार्थ्यांचे वैभव आहे. त्याचा पुणतांब्याशी काय संबंध? आक्षेप रास्त आहे. न्यूमन यांच्या प्रयोगालाही मर्यादा होत्या. त्या विद्यापीठाला पदव्या देण्याची राजसनद मिळाली नाही आणि मान्यता नसलेल्या पदवीसाठी सामान्य घरातील मुलगा चार वर्षे घालवीत नसतो. १८५८ मध्ये न्यूमन यांनी पद सोडले. तात्पर्य, सहवासावाचून पदवी पोकळ आणि पदवीवाचून सहवास परवडणारा नाही. गरीब विद्यार्थ्याला दोन्ही हवे असतात. किंबहुना त्यालाच दोन्हींची अधिक गरज असते, कारण श्रीमंताच्या मुलाला घरीच पुस्तके आणि बोलावयास सुशिक्षित माणसे मिळतात.

हे ओळखणारा माणूस महाराष्ट्राच्याच मातीत होऊन गेला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणि एका पंक्तीत बसविणारे त्यांचे वसतिगृह, हीच एक शाळा होती. ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र निव्वळ काटकसरीचे नव्हते. श्रम करणाऱ्या मुलाला सहवास परवडावा, अशी ती आर्थिक व्यवस्था होती. अहिल्यानगर जिल्ह्याने मिशनऱ्यांची बोर्डिंगे पाहिली आणि रयतेची वसतिगृहेही पाहिली. पंथ भिन्न, परंतु मुलाला मुक्कामाला ठेवल्यावाचून तो घडत नाही, ही जाण दोघांची एकच.

आज चित्र उलटे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी, श्रेयांकांची पेढी आणि विषयांची मुक्त निवड देऊ केली. निवडीचे स्वातंत्र्य चांगलेच. परंतु निवडीला शिक्षक लागतो. ज्या महाविद्यालयात पूर्णवेळ जागा रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापक एका गावाहून दुसऱ्या गावी धावत आहे, तेथे निवड कागदावरच राहते. तास संपताच एसटी गाठणारा शिक्षक आणि तास संपताच गाडी गाठणारा विद्यार्थी यांची भेट व्हावी कोठे?

पुणतांब्याच्या तरुणांत विचारशक्तीची वाण आहे, असे कोणी म्हणू नये. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक याच गावाने दिली आणि त्याच महिन्यात राज्य शासनाला कर्जमाफी जाहीर करावी लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये शेतकऱ्यांच्या तीन तरुण मुली याच गावात उपोषणाला बसल्या. शेतमालाचा भाव, कर्ज आणि उत्पादनखर्च हे अर्थशास्त्राचेच धडे होत. त्यांची चर्चा पारावर झाली. ती महाविद्यालयाच्या वर्गात आकडेवारीसह, उलटसुलट बाजूंनी व्हावी, अशी सोय आपल्या पदवीने केली आहे काय?

उपाय भव्य नाहीत. तालुक्याच्या महाविद्यालयाला मुलामुलींची वसतिगृहे, रिक्त जागी पूर्णवेळ शिक्षक, रात्रीपर्यंत उघडे ग्रंथालय आणि गाड्यांच्या वेळा पाहून आखलेले वेळापत्रक, एवढ्याने आरंभ होईल. शुल्कसवलतीपेक्षा यावर खर्च अधिक होईल, हे मान्य. परंतु शुल्क हा शिक्षणाच्या खर्चाचा लहान भाग असतो. मोठा भाग असतो तो विद्यार्थ्याच्या वर्षांचा. शेतातून काढून दिलेली तीन-चार वर्षे हे शेतकरी कुटुंबाचे भांडवल आहे. त्याच्या मोबदल्यात कोरा कागद हाती ठेवण्याचा अधिकार शासनालाही नाही आणि विद्यापीठालाही नाही.