एका पेशीचे दुखणे

ज्यांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होते, ते आमचे सर मेंदूतील गाठीच्या विकाराने गेले. ‘मुळात बिघडले कोठे?’ हा त्यांच्या अखेरच्या दिवसांतला प्रश्न मी विसरलो नाही. मी भाषेचा अध्यापक असूनही या विषयाकडे वळलो, तो त्या प्रश्नामुळे.

मोझेकच्या फरश्या आपणांस परिचित आहेत. जीवशास्त्रात ‘मोझेक’ म्हणजे एकाच फलित बीजापासून जन्मलेला, परंतु सर्व पेशींत जनुकसंच सारखा नसलेला प्राणी. पोलंडच्या तार्कोव्स्की यांनी १९६१ मध्ये दोन गर्भ एकत्र सांधून उंदीर घडविले; तो ‘कायमिरा’, म्हणजे दोन लुगड्यांची गोधडी. मोझेक म्हणजे एकाच थानात मध्येच बदललेले सूत.

हवे ते जनुक निकामी केलेला उंदीर घडविण्याची विद्या १९८९ च्या सुमारास सिद्ध झाली. तिच्यासाठी कापेकी, इव्हान्स व स्मिथीज यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अडचण अशी, की काही जनुके जीवनावश्यक असतात. एन.एफ.१ हे जनुक सर्व पेशींतून काढले, तर उंदराचा गर्भ जन्मापूर्वीच मरतो. शिवाय कर्करोग बहुधा एका पेशीत सुरू होतो आणि भोवतालच्या असंख्य पेशी निरोगी असतात. सर्वांगी बिघडलेला उंदीर त्या प्रारंभाविषयी काय सांगणार?

उपाय जीवाणूंवर जगणाऱ्या पी-१ या विषाणूत सापडला. त्याचे ‘क्री’ नावाचे विकर डी.एन.ए.मधील ३४ अक्षरांची ‘लॉक्स-पी’ ही खूण ओळखते आणि अशा दोन खुणांमधला मजकूर कापून उरलेली टोके जोडते. संपादकाची कात्रीच ती! क्री ठरावीक जातीच्या पेशींतच निर्माण होईल अशी योजना करता येते. ते टॅमॉक्सिफेन या औषधाने जागे होईल असेही करता येते. औषधाची मात्रा अल्प ठेवली, की मोजक्याच पेशी बदलतात.

तथापि बदललेली पेशी ओळखायची कशी? स्टॅनफर्डच्या लिकुन लुओ यांच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये ‘मॅडम’ ही पद्धत प्रसिद्ध केली. गुणसूत्रांच्या जोडीपैकी एकावर हिरव्या रंगाच्या जनुकाचा पूर्वार्ध व तांबड्याचा उत्तरार्ध असतो, दुसऱ्यावर याच्या उलट. दोन आर्यांचे उत्तरार्ध आपसांत बदलले गेले असावेत, तसे हे; म्हणून कोणताच रंग दिसत नाही. पेशीविभाजनापूर्वी क्री त्या गुणसूत्रांची अदलाबदल करते, तेव्हा आर्या पूर्ण होतात. मग एका पेशीपासून दोन भावंडे निपजू शकतात: हिरवे, ज्यात जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, आणि तांबडे, ज्यात दोन्ही शाबूत. (काही पेशी पिवळ्या दिसतात, त्यांत मूळचीच एक शाबूत, एक बिघडलेली प्रत असते.) रोगी आणि निरोगी एकाच घरात वाढलेले; तुलनेला याहून न्याय्य जोडी कोठली?

२०११ मध्ये ह्युई झोंग व सहकाऱ्यांनी याच रीतीने उंदरांच्या मेंदूतील मूळ पेशींतून पी-५३ व एन.एफ.१ ही दोन जनुके काढली. गाठ दिसण्यापूर्वीच त्यांनी हिरव्या व तांबड्या पेशींची गणती केली. खुद्द मूळ पेशींत लक्षणीय फरक नव्हता, चेतापेशींतही नव्हता. तंतूंवर आवरण चढविणाऱ्या पेशींच्या पूर्वजांत मात्र हिरव्यांची संख्या बेसुमार वाढली होती. बिघाड मूळ पेशीत झाला, परंतु भडकला तो तिच्या एका विशिष्ट वंशजात. सरांच्या प्रश्नाचे हे पूर्ण उत्तर नव्हे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

ही दोन्ही जनुके उंदराच्या ११ व्या गुणसूत्रावर एकत्र आहेत, हा योग प्रयोगाच्या पथ्यावर पडला. कारण रंगखुणा व जनुक एकाच गुणसूत्रावर असल्याशिवाय ही युक्ती चालत नाही. २०२१ पर्यंत लिंग-गुणसूत्रे वगळता उंदराच्या उर्वरित १९ ही गुणसूत्रांसाठी अशा रंगखुणा तयार झाल्या.