इंजिन बदललं आणि बुलेट ऑइल फेकायला लागली; दोष ब्रिदरचा की ऑइल रिटर्नचा?

जुन्या बुलेटच्या चेसिसमध्ये दुसरं इंजिन बसवलं. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. आठवड्याभरात मात्र एअर फिल्टर ऑइलनं भिजला, इंजिन ओलं दिसायला लागलं आणि मागच्या टायरवर काळे डाग आले. मेकॅनिक म्हणतो रिंगा गेल्या, मित्र म्हणतो ऑइल जास्त झालं. बऱ्याचदा खरं दुखणं ब्रिदरच्या पाईपमध्ये आणि ऑइल परत खाली येण्याच्या वाटेत असतं.

ही फक्त डागांची गोष्ट नाही. आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसर, पारगावसारख्या बागायती पट्ट्यात मोटरसायकलवर माणसांबरोबर दुधाच्या किटल्या आणि खताची पोतीही असतात. ओझं लादलेल्या गाडीच्या मागच्या टायरवर ऑइल आलं, तर पहिल्याच वळणावर गाडी घसरू शकते.

इंजिन बदलण्याचा हा प्रकार आला कुठून?

एन्फिल्डनं एकेकाळी 'टॉरस' नावाची डिझेल बुलेट विकली. तिच्यात ग्रीव्हज-लोंबार्डिनीचं 325 सीसीचं इंजिन होतं आणि ताकद जेमतेम साडेसहा हॉर्सपॉवर. गाडी मंद होती, पण ॲव्हरेज जबरदस्त. डिझेल पेट्रोलपेक्षा खूप स्वस्त होतं त्या काळात अनेक गॅरेजवाल्यांनी अशीच छोटी डिझेल इंजिनं पेट्रोल बुलेटच्या चेसिसमध्ये बसवली. आरएक्स 100 च्या चेसिसमध्ये फोर-स्ट्रोक इंजिन टाकणारेही आहेत. फाउंडेशन, चेन आणि वायरिंग जुळवण्यात सगळं लक्ष जातं आणि ब्रिदरचा पाईप शेवटी कुठेतरी खोचला जातो.

ब्रिदर नेमकं काय करतो?

पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या खालची हवा दाबली जाते. 325 सीसीचं सिंगल सिलेंडर इंजिन मिनिटाला 3600 फेऱ्यांवर असेल, तर पिस्टन सेकंदाला 60 वेळा खाली येतो. म्हणजे दर सेकंदाला साडेएकोणीस लिटर हवा ढकलली जाते, 15 किलोच्या तेलाच्या डब्यात मावेल त्याहून जास्त. शिवाय रिंगांच्या फटीतून जळालेला थोडा गॅसही खाली येतो. या दाबाला बाहेर जायची वाट म्हणजे ब्रिदर. ती अडली की दाब सील आणि गॅस्केटमधून ऑइल बाहेर ढकलतो.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं, त्यामुळे तिथे असा ब्रिदर नसतो. म्हणून आरएक्सच्या एअर बॉक्सला हा पाईप जोडायची जागाच मिळत नाही.

मग ऑइल परत का येत नाही?

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल डबडब करत अडखळत पडतं. दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते, कारण हवेला वेगळी वाट मिळते. इंजिनातही तसंच. हेडमध्ये गेलेलं ऑइल अनेक इंजिनांत स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. त्याच वाटेनं गॅस जोरात वर येत असेल, तर ऑइल वरच अडकतं आणि गॅससोबत ब्रिदरमधून बाहेर पडतं. त्यामुळे या दोन तक्रारी बऱ्याचदा मुळात एकच असतात.

त्यात चेसिसमध्ये बसावं म्हणून इंजिन पुढे-मागे कललेलं असतं. मग हेडमधलं ऑइल रिटर्नच्या भोकापासून लांब साचतं आणि डिपस्टिकवरची खूणही चुकीची ठरते.

तपासायचं कुठून?

1. ऑइल मोजून भरा. सगळं काढा, कंपनीनं सांगितलेलं माप भरा आणि डिपस्टिकवर नवी खूण करा. जुन्या बुलेटमध्ये आणखी एक गोष्ट पाहा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं आणि सुरू करताच ब्रिदरमधून उडतं. तिथे दोष ब्रिदरचा नसतो.

2. रिंगा तपासा. सिंगल सिलेंडरमध्ये ब्रिदरमधून फुसफुस येणारच. पण इंजिन गरम झाल्यावर सतत दाट धूर येत असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. रिंगा झिजल्या असतील तर कितीही मोठा पाईप लावून उपयोग नाही.

3. पाईप बदला. आतलं माप इंजिनच्या नळीपेक्षा कमी नको. पाईप आधी वर चढता हवा, म्हणजे आलेलं ऑइल परत इंजिनात ओघळेल. कुठे मुडपलेला नको, सायलेन्सरला टेकलेला नको. पाण्याचा साधा पारदर्शक पाईप उष्णतेनं कडक होतो, म्हणून ऑइल सोसणारा रबरी पाईप घ्या.

4. व्हॉल्व्हची दिशा पाहा. हवा बाहेर जाऊ देणारा पण आत न घेणारा व्हॉल्व्ह इंजिनजवळ असावा. तो उलटा बसला तर दाब आतच कोंडतो.

5. रिटर्नची भोकं पाहा. दुसऱ्या मॉडेलचं गॅस्केट भोक झाकू शकतं. जास्त लावलेला सिलिकॉन आत सुटून वाट बुजवतो.

6. ऑइल पकडणारी डबी लावा. आत जाळी आणि तळाला ड्रेन हवा. डबी ब्रिदरच्या तोंडापेक्षा उंच ठेवा. ऑइल परत इंजिनात सोडायचं असेल, तर ती नळी आतल्या ऑइलच्या पातळीखाली उघडली पाहिजे. नाहीतर गॅस तिथूनच वर येईल.

डिझेलमध्ये धोका मोठा

ब्रिदर एअर इनटेकला जोडलेला असेल आणि त्यातून ऑइल जायला लागलं, तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल जाळू लागतं. मग डिझेल बंद केलं तरी ते थांबत नाही, उलट वेग वाढत जातो. अशा वेळी इनटेकचं तोंड सपाट फळीनं घट्ट बंद करायचं. हात लावायचा नाही. म्हणून डिझेलमध्ये मध्ये डबी लावणं आणि ती वेळेवर रिकामी करणं टाळता येत नाही.

आणि कायदा?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारा बदल मनाला येईल तसा करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे इंजिन खरेदी करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. पाईप नंतर बदलता येतो, पण आरसीशी न जुळणाऱ्या इंजिन नंबरचं ओझं गाडी विकताना आणि विम्याचा दावा करताना पुन्हा पुढे येतं.