ग्रेपचा रंग

सकाळी ९. चंदीगडच्या ट्रिब्यून चौकातली गर्दी पार करून इंडस्ट्रियल एरिया, फेज १. २०१३ साली इथे एलांते मॉल उघडला, पण मागच्या गल्ल्यांमध्ये शेड अजून आहेत. आमचं काम कंट्रोलरचं फर्मवेअर.

९.३०. शेजारच्या खुर्चीवरून हाक येते, "भाऊ, बिल्ड फेर टुट्ट गया!" पाजींच्या मशीनवर ‘मेक’ म्हणतं, ‘रिलीज-२.४’ नावाचं फोल्डर नाही. फोल्डर तर समोर दिसतंय. जेंकिन्सवर तोच कोड बिनतक्रार बांधला जातो.

१०.१५. पाजींचा संशय कंपायलरवर, मॅनेजरांचा पाजींवर. नवीन क्लोन घेतला, तरी तेच. स्क्रीनवरच्या एररमधलं नाव उचलून ‘एलएस’ला दिलं, तर फोल्डर लगेच सापडतं. म्हणजे स्क्रीनवर दिसतं ते नाव आणि ‘मेक’ला मिळतं ते नाव वेगळं आहे. आवृत्तीचं व्हेरिएबल ‘कॅट -व्ही’मधून काढलं. २.४ च्या आधी टोपीची खूण, चौकोनी कंस, काही आकडे आणि अक्षरं. ही रंग बदलणारी एस्केप अक्षरं. टर्मिनल ती गिळून टाकतं, म्हणून डोळ्यांना दिसत नाहीत.

११. आवृत्ती आमची सेटअप स्क्रिप्ट ग्रेपने शोधून काढते. ‘टाइप ग्रेप’ विचारल्यावर उत्तर आलं: ग्रेप हा ‘ग्रेप --कलर=ऑलवेज’चा ॲलियस आहे. उबुंटूच्या मूळ बॅशआरसीत ‘ऑटो’ असतं. ते आउटपुट पाइपमध्ये जाताना रंग काढून घेतं. पाजींनी लॉग वाचायला सोयीचं म्हणून ‘ऑलवेज’ केलेलं.

पण ॲलियस स्क्रिप्टमध्ये शिरलाच कसा? एरवी स्क्रिप्ट वेगळ्या, नॉन-इंटरॅक्टिव्ह बॅशमध्ये चालते आणि तिथे ॲलियस उलगडतच नाहीत. जेंकिन्स त्यामुळेच वाचला. आमची सेटअप स्क्रिप्ट मात्र ‘सोर्स’ करावी लागते, अँड्रॉइडच्या एनव्हसेटअपसारखी. ती पाजींच्याच शेलमध्ये चालते आणि त्यांच्या सगळ्या सवयी उचलते. सोय बोटांसाठी असते. बिल्डने ती ऐकायची काहीच गरज नाही.

१.३०. राजमा-चावल. पाजींनी कंपायलरचा विषय काढला नाही.

२.३०. दुरुस्ती. पाजींना ॲलियस पुसायला सांगणं सोपं होतं, पण उद्या दुसरा कुणी असाच येईल. सेटअपच्या सुरुवातीला ‘अनॲलियस -ए’ लिहिलं तर लोकांच्या शेलमधले सगळे ॲलियस उडतील आणि शिव्या आम्हाला. म्हणून ‘ग्रेप’ऐवजी ‘कमांड ग्रेप’ लिहिलं. नुसता बॅकस्लॅश लावला तर ॲलियस टळतो, त्याच नावाचं शेल फंक्शन टळत नाही. ‘कमांड’ दोन्ही टाळतं. रेड हॅट घराण्यात रूटच्या बॅशआरसीत ‘सीपी -आय’ ॲलियस तयारच असतो, तशा शेलमध्ये सोर्स केलेली स्क्रिप्ट "ओव्हरराइट करू का?" विचारत बसते. म्हणून ‘सीपी’लाही ‘कमांड’ लावलं.

हाच रंग पूर्वी ग्रेप_ऑप्शन्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधूनही घुसायचा, आणि तो तर वेगळ्या शेलमध्येही पोचायचा. २०१४ च्या ग्रेप २.२१ ने त्याला जुनं ठरवलं. चांगलं केलं.

५. पाजींच्या मशीनवर, त्यांचा ॲलियस जागेवर ठेवूनच, बिल्ड पूर्ण झाला.

५.३०. घरी निघण्याआधी टीमला निरोप धाडला: सोर्स करायच्या स्क्रिप्टमध्ये फक्त व्हेरिएबल एक्स्पोर्ट करा, बाकीचं काम वेगळ्या स्क्रिप्टमध्ये चालवा. आणि एकाच मशीनवर बिल्ड तुटत असेल, तर कंपायलर पुन्हा बसवण्याआधी ‘बॅश --नोप्रोफाइल --नोआरसी’ने कोरं शेल उघडून तिथे बांधून बघा.